रोल केज

शर्यतीच्या मोटारीत चालकाभोवती उभारलेला पोलादी नळ्यांचा सांगाडा. गाडी उलटली, कोलांट्या खात गेली किंवा बाजूने झाडावर आदळली, तरी छत आणि दरवाजे आत दबू नयेत, चालकाच्या डोक्याभोवतीची जागा शाबूत राहावी, हे त्याचे काम. पुढच्या सीटमागून गाडीच्या एका बाजूकडून दुसरीकडे जाणारी कमान म्हणजे मेन हूप. तिच्यापासून मागे तिरके आधार जातात, पुढे काचेच्या कडेने दुसरी कमान येते आणि दरवाजांत एकमेकींना छेदणाऱ्या नळ्या बसतात. नुसती मेन हूप आणि तिचे मागचे आधार असतील, तर तो रोल बार. त्याला केज म्हणू नये.

ठाण्यात शर्यतीचा ट्रॅक नाही. टेंभी नाक्यावरच्या हौशी चालकाला कोइंबतूरचा करी मोटर स्पीडवे, चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक किंवा २०११ साली सुरू झालेले ग्रेटर नोएडाचे बुद्ध सर्किट गाठावे लागते. केज घडवू शकणारे हात मात्र घराजवळ आहेत. १९६२ साली जिथून एमआयडीसीचा कारभार सुरू झाला, ती वागळे इस्टेट नाक्यावरून रिक्षाच्या अंतरावर आहे आणि तिथे पाइप बेंडिंग, फॅब्रिकेशन ही रोजची कामे. पण जिन्याचे रेलिंग उत्तम करणाऱ्या कारागिरालाही केजचे नियम ठाऊक असतीलच असे नाही. म्हणून निवडीची सुरुवात वर्कशॉपपासून न करता, कोणत्या स्पर्धेत उतरायचे इथून करावी.

फोक्सवॅगनने २०१० साली सुरू केलेल्या पोलो कपसारख्या मालिकेत केज बसवलेली गाडी तयारच मिळते, तिथे हा प्रश्न येत नाही. नाशिकला झालेल्या रॅली डी महाराष्ट्रसारख्या स्पर्धेत स्वतःची गाडी उतरवणाऱ्याला तो सोडवावा लागतो. गोव्यात २०१४ पासून पावसाळ्यात भरणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजमध्ये वेग कमी असतो, पण चढउतारावर गाडी कलंडणे नेहमीचे. अभियांत्रिकीचे विद्यार्थी बाहा स्पर्धेसाठी जी बग्गी बनवतात, तिचे नियमपुस्तक आणखी वेगळे. त्या मापाची नळी रॅलीच्या गाडीत चालत नाही.

भारतात या खेळाचे नियमन एफएमएससीआय ही संघटना करते आणि मापांचा आधार असतो तो एफआयए या जागतिक संघटनेच्या नियमांचा. त्यांत केजसाठी थंड ओढकामाची, जोड नसलेली कार्बन पोलादाची नळी सांगितली आहे. मेन हूपला किमान ४५ मिमी बाहेरचा व्यास आणि २.५ मिमी जाडी, किंवा ५० मिमी व्यास आणि २ मिमी जाडी. बहुतेक इतर भागांना ३८ आणि २.५, किंवा ४० आणि २ मिमी. या पर्यायांचा हिशेब करून पाहावा. ४५ मिमीची नळी मीटरला सुमारे २.६ किलो भरते, ५० मिमीची सुमारे २.४ किलो. हलकी असूनही दुसरी वाकायला सुमारे १५ टक्के अधिक ताठ, कारण तिचे पोलाद मध्यापासून दूर आहे. मात्र ती जागा जास्त खाते आणि पातळ असल्याने बेंडिंगमध्ये चपटी व्हायची भीती अधिक. छोट्या हॅचबॅकमध्ये हेल्मेट घातलेले डोके नळीपासून किती लांब राहते, हे सीट पक्की बसवून आधी मोजावे आणि मगच माप ठरवावे.

दुकानातून ‘दीड इंची पाइप’ आणणे ही हमखास होणारी चूक. पाण्याच्या पाइपचे ते नाममात्र माप. प्रत्यक्षात बाहेरचा व्यास ४८.३ मिमी भरतो. व्यास पुरेसा दिसतो, पण पोलाद कोणते आणि जोड आहे की नाही, हे व्हर्नियर सांगत नाही. मिलचे प्रमाणपत्र मागावे. वाकाची त्रिज्या नळीच्या व्यासाच्या किमान तिप्पट हवी आणि आतल्या बाजूला सुरकुती पडलेली नळी सरळ नाकारावी.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते पायांकडे. मेन हूपचा आणि पुढच्या कमानीचा प्रत्येक पाय किमान ३ मिमी जाड, १२० चौरस सेंटिमीटरच्या पत्र्यावर टेकला पाहिजे. बोल्टने बसवायचा असेल तर प्रत्येक पायाला ८.८ दर्जाचे किमान तीन एम८ बोल्ट. टेंभी नाक्याच्या दहीहंडीत खालचा थर हलला की वरचा गोविंदा कितीही तयारीचा असो, खाली येतो, इथेही तसेच. खाडीकाठच्या दमट हवेत पावसाळे काढलेल्या जुन्या एस्टीम किंवा जिप्सीचे कार्पेट उचलून, सील खरवडून स्क्रूड्रायव्हर टोचून पाहावा. पत्रा भुसभुशीत निघाला तर गाडी उलटताना केजचे पाय तिचा तळ फोडून खाली जातील. आधी पत्राकाम, मग केज.

दरवाजाच्या नळ्यांत काटकसर नको. २००५ च्या वेल्स रॅलीत गाडीची बाजू झाडावर आदळून सहचालक मायकेल पार्क मरण पावला. बाजूच्या धडकेत चुरगळायला जागाच थोडी असते, हे त्यामागचे कारण.

हाच केज रोजच्या गाडीत घालू नये. हेल्मेट आणि शर्यतीचा पट्टा नसेल तर किरकोळ धडकेतही डोके पोलादावर आपटते. पॅडिंग त्यावर पुरेसा उपाय नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहे आणि मूळ रचनेत बदल चालणार नाही असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. एमएच ०४ असो वा एमएच ०५, पाटीची गाडी वेगळी आणि ट्रॅकची वेगळी ठेवावी.

वापरलेली रॅली कार घेताना केजचे प्रमाणपत्र आणि अपघाताचा इतिहास विचारावा. प्रमाणित केजवर परस्पर वेल्डिंग किंवा मशीनिंग करायला मनाई आहे. अपघातानंतरची दुरुस्ती उत्पादकानेच किंवा त्याच्या संमतीने करायची असते. कागद नसतील तर नव्या केजचा खर्च गाडीच्या किमतीतून वजा करून मगच सौदा करावा.