हवेत सोडून दिलेला वायू

१/ वातानुकूलन यंत्रात नवा गॅस भरण्यापूर्वी जुना टाकीत काढून घ्यावा, हा नियम फार जुना नाही. त्यामागे साठ वर्षांची एक चूक आहे.

२/ आरंभीच्या शीतयंत्रांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असे विषारी वायू असत; गळती जिवावर बेते. १९३० साली थॉमस मिजली यांनी नवा वायू श्वासावाटे आत घेतला आणि तोच फुंकून मेणबत्ती विझवली. विषारी नाही, ज्वलनशीलही नाही! हाच फ्रिऑन.

३/ निरुपद्रवी वायू जपायचा कशाला? दुरुस्तीच्या वेळी तो सर्रास हवेत सोडला जाई. १९७४ मध्ये मोलिना व रोलंड यांनी त्यातील क्लोरीन ओझोनचा थर नष्ट करू शकतो, असे दाखवले. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोनची घट उघड झाली. १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला. १ जुलै १९९२ पासून अमेरिकेत असा वायू जाणूनबुजून हवेत सोडणे बेकायदेशीर ठरले.

४/ आज क्रम असा: जुना वायू टाकीत, मग व्हॅक्यूम पंपाने हवा व ओलावा बाहेर, शेवटी वजन करून नवा वायू आत. पंप टाळला तर यंत्र बिघडते. पहिली पायरी टाळली तर यंत्राचे काहीच बिघडत नाही. म्हणूनच ती कायद्याने सांगावी लागली.