ताईकडे, एका दिवसात

परवा डोंबिवलीहून नागपूरला ताईकडे गेलो होतो. पहाटे पाचला निघालो. गाडी मुलगा चालवत होता. आमण्याला समृद्धी महामार्गाला लागलो. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ला सुरू झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता सलग झाला. वाटेत मेहकर, कारंजा अशा नुसत्या पाट्या दिसतात, गाव एकही नाही. चहाचीसुद्धा पंचाईत!

जन्मभर इतिहास शिकवला, त्यामुळे डोक्यात सनावळ्या सुरू. वऱ्हाडातला कापूस हवा होता म्हणून इंग्रजांनी १८६७ साली रेल्वे नागपूरला नेली. १ नोव्हेंबर १९५६ला नागपूर मुंबई राज्यात आलं आणि त्याचं राजधानीपण गेलं. भावोजी जेवताना हमखास म्हणायचे, "राजधानी गेली, मिळालं काय? हिवाळी अधिवेशन!" १९५३च्या नागपूर कराराचा राग ते माझ्यावर काढत. मुंबईकडचा मीच एक समोर असे ना!

नकाशावर एकच राज्य, पण १९७९च्या उन्हाळ्यात आई गेली तेव्हा तार मिळून ताई पोहोचली ती दुसऱ्या दिवशी. सगळं आटोपलं होतं. थांबायचं नाही, हे मीच ठरवलं होतं. ती त्यावर कधी बोलली नाही.

असो. चारच्या सुमारास पोहोचलो. ताईला हल्ली फारसं आठवत नाही. "कोणत्या गाडीनं आलास रे?"

मी म्हणालो, "विदर्भ एक्स्प्रेसनं."

"उशीर झाला असेल मग. जेवलास का?"