बंदिवानाची रोजनिशी

इतिहासाच्या साधनांत रोजनिशीचें स्थान मोठें आहे; परंतु ती पारखून घेतल्यावांचून वापरणें धोक्याचें असतें, ही गोष्ट पुष्कळदां विसरली जाते. बंगाल तोफखान्यांतील लेफ्टनंट व्हिन्सेंट आयर याचा काबूलच्या मोहिमेचा व बंदिवासाचा वृत्तान्त १८४३ सालीं लंडनास प्रसिद्ध झाला. त्यावरून हें चांगलें समजतें, म्हणून त्याचा थोडा परामर्श आम्ही येथें घेत आहों.

२ नोव्हेंबर १८४१ रोजीं काबुलांत उठाव होऊन बर्न्स मारला गेला. २३ डिसेंबरला अकबरखानाच्या भेटीस गेलेला मॅक्नॉटनही प्राणास मुकला. ६ जानेवारी १८४२ रोजीं सुमारें ४,५०० सैनिक व १२,००० बाजारबुणगे भर बर्फांतून जलालाबादेकडे निघाले. ९ तारखेस कुटुंबवत्सल अधिकारी बायका-मुलांसह अकबरखानाच्या स्वाधीन करण्यांत आले. हाताला गोळी लागून जायबंदी झालेला आयर पत्नी व मुलासह त्यांतच होता. १३ तारखेस डॉक्टर ब्रायडन घायाळ स्थितींत जलालाबादेस पोंचला, तेव्हां मागें राहिलेल्या सेनेची वाताहत जगाला कळली. कैद झाली म्हणूनच आयर वांचला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

बंदिवानांना प्रथम लघमानांतील बदियाबादच्या गढींत ठेवलें. १९ फेब्रुवारीच्या भयंकर भूकंपांत तिच्या भिंती ढासळल्या. अशा स्थितींत आयर लिहीत होता, व लिहिलेले कागद थोडेथोडे करून गुप्तपणें हिंदुस्थानांत पाठवीत होता. मात्र या ग्रंथाचे दोन भाग वेगळे ओळखले पाहिजेत. बंदिवासाची दैनंदिनी त्या त्या वेळची आहे. उलट काबुलांतील लढाईची हकीकत त्यानें पुढें कैदेंत बसून, पराभव ठाऊक झाल्यावर, रचिली. सेनापति एल्फिन्स्टनच्या धरसोडीवर तो जी टीका करतो तिला या पश्चात्बुद्धीचा रंग आहे. तो सेनापतीही कैदेंतच होता, आणि २३ एप्रिलला कैदेंतच वारला. एका संकटांत सांपडलेल्या वृद्धाविषयीं लिहितांना आयरनें आपलें मत झांकलें नाहीं, हें त्याच्या पदरीं टाकलेंच पाहिजे.

सुटकेची कथा तर निराळीच आहे. तींत भुयार नाहीं, दोराची शिडी नाहीं. ऑगस्टच्या अखेरीस कैद्यांना बामियानकडे नेलें. तेथून पुढें तुर्कस्तानांत गुलाम म्हणून विकले जाण्याचें भय होतें. परंतु पहारेकऱ्यांचा नायक सालेह महंमद याच्याशीं मोहनलाल या काश्मिरी मुनशीनें काबुलांतून संधान बांधलें. रोख २०,००० रुपये व दरमहा १,००० रुपयांचें वेतन या बोलीवर तुरुंगाधिकारीच फुटला! एल्ड्रेड पॉटिंजरनें नेतृत्व घेतलें, वाटेनें जाणाऱ्या व्यापाऱ्यांकडून कर वसूल केला, आणि १६ सप्टेंबरला सर्व मंडळी काबूलच्या वाटेस लागलीं. दुसऱ्याच दिवशीं शेक्सपिअरचे किजिलबाश स्वार त्यांना येऊन मिळाले.

आयरच्या पानांत आपल्या सोबत्यांचें सुखदुःख बारकाईनें उतरलें आहे. पण ज्या हजारों हिंदी शिपायांना व बाजारबुणग्यांना कोणी ओलीस म्हणूनही मागितलें नाहीं, त्यांचे हातपाय हिमानें झडले. वांचलेल्यांपैकीं कित्येक काबूलच्या रस्त्यांत भीक मागत होते, तर कित्येक गुलाम म्हणून विकले गेले. त्यांच्यासाठीं कोणी २०,००० रुपयांची बोली केली नाहीं, आणि त्यांच्याजवळ दौत-लेखणीही नव्हती. आयरची रोजनिशी विश्वसनीय आहे. परंतु ती गढीच्या आंतून लिहिलेली आहे. काबूलच्या त्या हिंवाळ्याचा इतिहास लिहूं पाहणारानें ती जरूर वाचावी, आणि वाचतांना खिंडींत मागें राहिलेल्यांची मोजदाद मनांत चालू ठेवावी, एवढेंच आमचें सांगणें आहे.