कोंडोट्टी, ह्यूस्टन, बंगळुरू

1992 चा ऑक्टोबर. तुम्ही केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात, कोंडोट्टीच्या बाजारात उभे आहात. दुपारभर ऊन तापलंय आणि आता आभाळ भरून आलंय. अशात डोक्यावरून एक विमान जातं, इतकं खालून की मान आपोआप वर होते. करिपूरचा विमानतळ इथून हाकेच्या अंतरावर आहे. टेकडीचा माथा सपाट करून बांधलेला हा विमानतळ 1988 मध्ये सुरू झाला. या भागात आखातात माणूस नाही असं घर शोधावं लागतं. दोरीने आवळून बांधलेले खोके, निरोपाला आलेली भावंडं, पोराचा हात न सोडणाऱ्या आया हे सगळं इथल्या लोकांच्या रोजच्या पाहण्यातलं आहे.

या महिन्याच्या 17 तारखेला इथे एक मुलगा जन्माला येतो. नाव सूरज चेरुकाट. पुढे जग त्याला हनुमानकाइंड या नावाने ओळखणार आहे. त्याच्या मागोमाग निघण्याआधी याच गावात आणखी 120 वर्षं मागे जा. 1872 साल आहे. विशीतला एक कवी, मोयिनकुट्टी वैद्यर, 'बदरुल मुनीर हुस्नुल जमाल' हे प्रेमकाव्य रचतोय. ते मल्याळममध्ये आहे, पण लिपी अरबी आहे, आणि शब्द तमिळ, संस्कृत, फारसी, अरबी अशा चहूबाजूंनी आलेले. मलबारच्या किनाऱ्यावर गलबतांनी मसाल्याचा व्यापार केला, त्याच वाटेने भाषाही आल्या आणि गाण्यात मुरल्या. मलबारी मुस्लिमांच्या मापिळ्ळा गीतांची ही परंपरा आजही लग्नघरात जपली जाते. ती भेसळ आहे असं तिथे कुणी म्हणत नाही. हे मनात पक्कं ठेवा, कारण पुढच्या तीस वर्षांत या मुलाला एकच प्रश्न निरनिराळ्या देशांत विचारला जाणार आहे: तू नेमका कुठला?

वडील तेल उद्योगात. त्यांची बदली झाली की घर उचलायचं, शाळा बदलायची, मित्र नव्याने करायचे. नायजेरिया, सौदी अरेबिया, दुबई. मुलाचं बालपण असं देशादेशांत वाटलं जातं आणि शेवटी गाडी अमेरिकेत, टेक्सासमधल्या ह्यूस्टनला येऊन थांबते.

ह्यूस्टनमध्ये मात्र घाई करू नका. तेलावर वाढलेलं हे शहर अफाट पसरलेलं आहे आणि मोटारीशिवाय इथे पान हलत नाही. म्हणून इथलं संगीतही मोटारीसाठीच बनलंय. शहराच्या दक्षिण भागातल्या एका घरात थोडं मागे, नव्वदच्या दशकात डोकावून बघा. रॉबर्ट अर्ल डेव्हिस नावाचा तरुण, ज्याला सगळे डीजे स्क्रू म्हणतात, दोन टर्नटेबलांवर एकाच गाण्याच्या दोन तबकड्या लावतो. दोन्हींचा वेग उतरवतो, इतका की गाणाऱ्याचा आवाज जाड आणि जड होतो. मग एक तबकडी दुसरीपेक्षा एक ठोका मागे ठेवतो आणि हाताने या तबकडीवरून त्या तबकडीवर उडी मारतो. एकच शब्द दोनदा, तीनदा अडखळून येतो. हे मिश्रण तो राखाडी कॅसेटवर उतरवतो आणि ती कॅसेट घ्यायला लोक थेट त्याच्या दारात येतात. न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसकडे बघत बसलेल्या रॅपच्या जगात ह्यूस्टनने असा आपला वेग स्वतः ठरवला. स्क्रू 2000 च्या नोव्हेंबरात गेला, अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी. पण त्याचा वेग शहरात राहिला.

केरळचा हा मुलगा त्या शहरात वाढतो. कानावर स्क्रू आहे, टेक्सासचेच यूजीके आहेत, टेनेसीतल्या मेम्फिसचे थ्री सिक्स माफिया आणि प्रोजेक्ट पॅट आहेत. पंधराव्या वर्षाच्या आसपास तो स्वतः रॅप करू लागतो. त्याचे उच्चार, शब्दावर दाब देण्याची जागा, ओळीच्या शेवटी रेंगाळणं हे सगळं तिथलं आहे. ते त्याने कुणाकडून उसनं आणलेलं नाही. शाळेच्या वाटेवर, मित्रांच्या गप्पांत जी भाषा लागते ती माणसाची होते.

2012 च्या सुमारास, विशीत, तो भारतात परततो. तुम्हीही उतरा, कोइम्बतूरला. पीएसजी कला व विज्ञान महाविद्यालयात तो व्यवसाय प्रशासन शिकतो. गाव केरळात, महाविद्यालय तमिळनाडूत, बोली टेक्सासची. अशा मुलाला आपल्याकडे लगेच 'परदेशातून आलेला' हा शिक्का बसतो. शिक्षण संपतं आणि तो पोट भरायला देशातली लाखो मुलं जिथे जातात तिथे जातो.

आता बंगळुरू. सकाळी सिल्क बोर्डच्या सिग्नलला तुमची बस अडकली आहे. पुढच्या सीटवर फोनवर तेलुगू चाललंय, मागे बंगाली, ड्रायव्हर कन्नडमधून कुणाला तरी झापतोय, आणि दारात उभी असलेली दोन पोरं एकमेकांना 'मचा' (दोस्ता) म्हणत इंग्रजीत बोलतायत. या शहराला बाहेरून आलेल्यांची सवय फार जुनी आहे. सतराव्या शतकात शहाजीराजांची जहागीर इथेच होती, आणि तेव्हापासून मराठी घरं इथे आहेत. अशाच एका मराठी घरात 1950 मध्ये जन्मलेला शिवाजीराव गायकवाड इथल्या बसमध्ये कंडक्टर होता. पुढे तो मद्रासला गेला आणि तमिळ पडद्यावर रजनीकांत झाला. घरची भाषा एक, शहराची दुसरी, कर्तृत्वाची तिसरी, हे बंगळुरूत कुणाला नवलाचं वाटत नाही.

संध्याकाळ झाली की या शहराचं दुसरं तोंड दिसतं. 2007 च्या मार्चमध्ये पॅलेस ग्राउंड्सवर आयर्न मेडनचा भारतातला पहिला कार्यक्रम झाला तो इथेच. रॉकची ही जमीन तयार होती, त्यात रॅपचं बी पडलं. ब्रोधा व्ही, स्मोकी द घोस्ट आणि बिग निक यांनी 'मचाज विथ ॲटिट्यूड' हा चमू उभा केला. ब्रोधा व्हीने 2012 मध्ये 'आत्मा रामा'त रामाचं भजन आणि इंग्रजी रॅप एकत्र आणून दाखवलं. इंदिरानगरच्या 'द हमिंग ट्री'सारख्या ठिकाणी, 2019 मध्ये ते बंद होईपर्यंत, पाचपन्नास लोकांसमोर नवं काही करून बघता यायचं. फसलं तरी चालायचं. कलावंताला शिकायला अशी जागा लागते, आणि ती मोठ्या नभोवाणीत किंवा चित्रपटाच्या स्टुडिओत मिळत नाही.

सूरज इथे गोल्डमन सॅक्समध्ये नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात लिहितो, गातो. हनुमान आणि माणूसजात या दोहोंना जोडून त्याने आपलं नाव घेतलंय. तुम्ही श्रोत्यांत उभे राहा आणि ऐका. आवाज खर्जातला, श्वास लांब, शब्द एकमेकांना धक्का देत येणारे, पण एकही ठोका निसटत नाही. इथे त्याला कुणी मल्याळममध्ये गा म्हणत नाही, कुणी उच्चार सुधार म्हणत नाही. ह्यूस्टनने त्याला आवाज दिला आणि कोंडोट्टीने मूळ दिलं. हे दोन्ही एकदम वापरायची मोकळीक त्याला बंगळुरूने दिली. म्हणूनच या सगळ्या प्रवासात मला हे शहर सर्वांत मोलाचं वाटतं.

2019 मध्ये 'कलारी' हा त्याचा पहिला छोटा गीतसंग्रह (ईपी) येतो. नावच केरळच्या आखाड्याचं आहे. त्याच वर्षी तो पुण्यात एनएच७ वीकेंडरच्या मंचावर उभा राहतो. मग नोकरी सुटते. पगाराची खात्री सोडून गाण्यावर जगायचं ठरवणं, तेही इंग्रजी रॅपवर, भारतात. घरच्यांना हे समजावणं किती कठीण असतं, ते कुठल्याही मध्यमवर्गीय घरातल्या माणसाला सांगायला नको. वर लगेच महामारी येते आणि मंच बंद होतात. गाणी मात्र येत राहतात.

2024 च्या एप्रिलमध्ये 'आवेशम' हा मल्याळम चित्रपट लागतो. फहाद फासिलचा रंगा हा बंगळुरूतला गुंड, आणि सुशिन श्यामच्या संगीतात हनुमानकाइंडचं 'द लास्ट डान्स'. केरळ, बंगळुरू आणि इंग्रजी रॅप एका पडद्यावर आले, तरी एकही गोष्ट उपरी वाटली नाही.

त्याच वर्षी मलप्पुरमच्याच किनाऱ्यावर, पोन्नानीला या. लाकडी फळ्यांचा उंच गोल हौद. आपल्या जत्रेत याला 'मौत का कुआँ' म्हणतात. तळाशी उतरती कड आहे. मोटारसायकल आधी तिच्यावर दोन-चार फेऱ्या मारते, वेग घेते आणि मग सरळ उभ्या भिंतीवर चढते. फळ्या खडखडतात, पेट्रोलचा धूर घशात जातो. वेगामुळे चाकं भिंतीवर दाबली जातात आणि त्या दाबातून होणारं घर्षण गाडीचं वजन पेलतं. वेग उतरला की दाब गेला, दाब गेला की गाडी खाली. मोटारसायकलीमागून मोटारही भिंतीवर चढते. हे सगळं खरं आहे, संगणकावर काढलेलं नाही. चालवणारे जत्रेत रोज जीव पणाला लावणारे कलाकार आहेत. आणि हौदाच्या तळाशी उभा राहून हनुमानकाइंड गातोय.

गाणं 'बिग डॉग्ज', 9 जुलै 2024 रोजी आलं. संगीत हैदराबादच्या कलमीचं, दिग्दर्शन बिजॉय शेट्टीचं. काही आठवड्यांत ते अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट 100 यादीत शिरतं आणि 23 व्या क्रमांकापर्यंत चढतं. पुढे अमेरिकन रॅपर एसॅप रॉकी गाण्याच्या नव्या आवृत्तीत सामील होतो. तिकडे लोकांना पटेना की हा भारतात राहणारा माणूस आहे. इकडे विचारणा झाली की इंग्रजीत गातो, मग यात आपलं काय? मला दोन्ही शंका एकाच चुकीच्या समजुतीतून आलेल्या वाटतात, की माणसाचा आवाज एकाच गावचा असला पाहिजे. पण त्या हौदाकडे बघा. चाल टेक्सास-मेम्फिसच्या वाटेने आलेली, फळ्या पोन्नानीच्या वाळूत रोवलेल्या. यातली कुठलीही एक गोष्ट काढली तर गाणं उभंच राहत नाही.

7 मार्च 2025 ला 'रन इट अप' येतं, आणि इथे तुम्ही अगदी जवळ जाऊन ऐका. चेंडा वाजतोय. फणसाच्या लाकडाचा पोकळ नळा, दोन्ही तोंडांना कातडं, गळ्यात अडकवून उभ्याने वाजवायचा. काठीचा घाव पडला की आपल्या ढोल-ताशा पथकातल्या ताशासारखा तो थेट छातीत घुसतो. केरळच्या मंदिरांत तासन्‌तास चालणाऱ्या 'मेळम' या सामूहिक वादनात वाढलेलं हे वाद्य. कलमीने ते पार्श्वभूमीला ठेवलेलं नाही, गाण्याचा पायाच त्यावर घातलाय. पडद्यावर कलरीपयट्टू आहे, पंजाबचा गतका आहे, मणिपूरचं थांग-ता आहे, आणि आपला मर्दानी खेळही आहे. जे कोल्हापूरच्या आखाड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पोरांकडून घोटवून घेतलं, ते या गाण्याबरोबर जगभर पाहिलं गेलं. 30 मार्चला पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये या गाण्याचा उल्लेख केला.

शेवटचा मुक्काम एप्रिल 2025, कॅलिफोर्नियातलं इंडिओ, कोचेला महोत्सव. मंचावर हनुमानकाइंड आणि त्याच्याबरोबर केरळचे चेंडावादक. समोरच्या बहुतेकांनी हे वाद्य आयुष्यात पाहिलेलं नाही, तरी ठेका धरायला त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. जुलैमध्ये त्याची 'मॉन्सून सीझन' ही मिक्सटेप आली. तिच्यात ह्यूस्टनचाच रॅपर मॅक्सो क्रीम आहे. ज्या शहराने घडवलं, त्याच्याशी आता तो बरोबरीच्या नात्याने बोलतोय.

आता परत या. आपल्या पुण्या-मुंबईत, नागपुरात, बेळगावात, आणि बंगळुरूच्या मराठी घरांतही अशी पुष्कळ मुलं आहेत, ज्यांची घरची बोली एक, शाळेची दुसरी आणि कानात वाजणारी तिसरी. आपण त्यांना सारखं निवडायला लावतो. हे की ते, आपलं की परकं. सूरज चेरुकाटने निवड नाकारली आणि जे जे वाट्याला आलं ते सगळं जीव ओतून शिकून घेतलं. मिश्रण टिकतं ते या मेहनतीवर. नुसतं भजनावर ड्रम ठेवणं कुणालाही जमतं. चेंडा वाजवणाऱ्याला त्याचा पूर्ण मान देऊन त्याच्या ठेक्यावर आपला श्वास बसवायला वर्षं लागतात. म्हणून घरातलं पोर दोन-तीन बोलींत काही गुणगुणत असेल तर त्याला कुठल्या बाजूचा हे विचारू नका. त्याने त्यातली प्रत्येक गोष्ट नीट शिकावी, एवढाच आग्रह धरा.