लांडगा मारा, बक्षीस मिळवा! इंग्रज सरकारची विसरलेली योजना

लोणी काळभोरच्या दक्षिणेला भुलेश्वरची डोंगररांग आहे. ती ओलांडली की पुरंदरचे माळ सुरू होतात. सासवड, जेजुरी, पुढे दौंड, बारामती आणि इंदापूर या पट्ट्यात आजही लांडगे दिसतात. पण एकेकाळी याच प्राण्याला मारल्याबद्दल सरकारी तिजोरीतून रोख बक्षीस मिळायचं.

एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने वाघ, बिबट्या आणि लांडगा यांना 'उपद्रवी' ठरवलं. शिकाऱ्याने मारलेल्या जनावराचा पुरावा आणून दाखवायचा आणि पैसे घेऊन जायचं. कारणंही होती. लांडगे मेंढ्या उचलायचे, उत्तर भारतात तर लहान मुलंही न्यायचे. शिवाय जंगल तोडून शेती वाढली की सरकारचा शेतसारा वाढायचा, आणि त्या वाटेत ही जनावरं होती. हे दुसरं कारण सहसा सांगितलं जात नाही.

इतिहासकार महेश रंगराजन यांच्या अंदाजानुसार 1875 ते 1925 या 50 वर्षांत 80,000 हून अधिक वाघ, दीड लाखाहून अधिक बिबटे आणि सुमारे 2 लाख लांडगे मारले गेले. आकडे बक्षिसांच्या नोंदींवरून काढलेले आहेत, म्हणजे ज्यांचं बक्षीस कुणी मागितलंच नाही ते यात नाहीत.

काही भागांत चित्त्यावरही बक्षीस होतं. त्याच्या नाशाला फक्त तेच कारणीभूत नाही. शिकारीच्या शौकासाठी चित्ते पकडले जायचे, माळरानंही घटत होती. 1952 साली चित्ता भारतातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं.

ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाने तर याहून स्पष्ट हिशेब ठेवला. तिथल्या सरकारने 1888 ते 1909 या काळात थायलासिन या पट्टेदार शिकारी प्राण्यासाठी 2,184 बक्षिसं दिली. दर प्रौढ प्राण्यामागे एक पौंड. 1936 मध्ये त्याला कायद्याचं संरक्षण मिळालं आणि दोनच महिन्यांत शेवटचा ज्ञात थायलासिन होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात मेला.

लांडगा मात्र तगला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याची शिकार गुन्हा ठरली. आता लांडग्याने मेंढी मारली तर मेंढपाळाला वन विभागाकडे भरपाई मागता येते. देशात साधारण 3,000 लांडगे उरले असावेत, असा अंदाज आहे. पुण्याच्या माळावर त्यांच्यापुढचे धोके आता वेगळे आहेत: प्लॉटिंग, रस्ते आणि भटक्या कुत्र्यांशी होणारा संकर.