नावाची ओळख : ‘कासाहुन’ म्हणजे काय?

मक्केतला छळ वाढला तेव्हा, इ.स. 615 च्या सुमारास, काही सहाबांनी हबशा देशात हिजरत केली आणि नजाशी राजाने त्यांना आसरा दिला, हे आपल्यातल्या लहान मुलांनाही ठाऊक असतं. हबशा म्हणजे आजचा उत्तर इथिओपिया आणि इरिट्रिया. पण तिथली माणसं मुलांची नावं कशी ठेवतात, हे आपल्याला फारसं माहीत नसतं. म्हणून आज आम्ही अम्हारिक भाषेतलं एक नाव घेतलं आहे.

‘कासाहुन’ हे मुलाचं नाव. ‘कासा’ म्हणजे भरपाई आणि ‘हुन’ म्हणजे हो. कोर्टकचेरीत नुकसानभरपाईसाठी हाच ‘कासा’ शब्द चालतो. मग बाळाला असं नाव का? तर घरात आधी कुणी गेलेलं असतं. एखादं मूल, भाऊ किंवा बाप. त्यानंतर पाळणा हलला की आईबाप म्हणतात, “आमचं जे गेलं, त्याची तू भरपाई हो.” नुसता कोशातला अर्थ पाहिला तर ही गोष्ट हाती लागत नाही.

याच कुळातली आणखी नावं आहेत. ‘मितिकु’ म्हणजे त्याच्या जागी आलेला. ‘मासरेशा’ म्हणजे दुःख विसरायला लावणारा. नुसतं ‘कासा’ हेही नाव असतं. 1855 मध्ये गादीवर आलेले सम्राट दुसरे तेवोद्रोस आणि 1872 मध्ये राज्याभिषेक झालेले चौथे योहान्नेस, दोघांचं जन्मनाव कासाच होतं.

तिथे आपल्यासारखं आडनाव नसतं. आधी स्वतःचं नाव, मग वडिलांचं. कासाहुनचा मुलगा आबेल असेल तर तो ‘आबेल कासाहुन’. लग्नानंतर बाईचं नावही बदलत नाही. त्यामुळे ‘मिस्टर कासाहुन’ अशी हाक मारली, तर ती आबेलला नव्हे, त्याच्या वडिलांना मारल्यासारखी होते. आदराने बोलायचं तर ‘अतो आबेल’ म्हणावं. ‘अतो’ म्हणजे श्रीयुत.

तेव्हा कॉलेजात, कामावर किंवा परदेशात कुणी कासाहुन भेटला, तर नाव पूर्ण आणि नीट उच्चारा. तोडून-मोडून सोपं करू नका. त्या नावात कदाचित एका घराचं दुःख असेल, आणि त्याच घराची उमेदही.