दफ्तरातील उमेदवारी

‘उमेदवार’ हा शब्द आज निवडणुकीच्या संदर्भात अधिक ऐकू येतो. मूळ फारसी ‘उमेद’ म्हणजे आशा. पगारी जागा मिळेल या आशेने कचेरीत प्रथम विनावेतन राबणारा व राबता राबता काम शिकणारा, तो उमेदवार. विद्यापीठांतून ‘इंटर्नशिप’ या नावाने जिचा पुरस्कार होत आहे, तिचे हे आपल्याकडील जुने रूप होय.

पेशव्यांच्या हुजूर दफ्तरात दोनशेहून अधिक कारकून असत. तेथे लागणारी विद्या पंतोजींच्या शाळेत मिळण्यासारखी नव्हती. मुळाक्षरे, पाढे, मोडीचा कित्ता येथवर शाळेची मजल. रोजकीर्दीतील रक्कम खतावणीत कशी न्यावी, ताळेबंद कसा उतरावा, कोणत्या दर्जाच्या गृहस्थास कोणता मायना घालावा, हे प्रत्यक्ष कागद हाताळूनच कळावयाचे. हेमाडपंताच्या नावावर मोडणारी मेस्तके लेखनाचे व हिशेबाचे नियम सांगतात खरी; पण नियम पाठ झाल्याने कोणी कारकून होत नाही. मोडीचे वळण तर जाणत्याच्या नजरेखालीच सुधारते. आमच्या विभागात मोडी शिकू लागलेल्या विद्यार्थ्यांस हे निराळे सांगावयास नको.

मात्र ही विद्या कोणाच्या वाट्यास येई, हा प्रश्न अभ्यासकांनी फारसा विचारलेला दिसत नाही. नाना फडणिसांस १७५६ साली, वडील जनार्दनपंत वारल्यावर, ऐन किशोरवयात फडणिशी मिळाली. ती घराण्यात चालत आलेलीच होती. ज्याच्या पाठीशी असे घर नव्हते, त्यास दफ्तरात बसू देणाऱ्या कोणाचा तरी वशिला आणि पगार सुरू होईपर्यंत पोटाची सोय, ही दोन्ही लागत. पहिली अडचण एक वेळ गोड बोलून सुटे. दुसरी सुटत नसे.

इंग्रजी अमलातील कचेऱ्यांतही ही बिनपगारी उमेदवारी चालू राहिली. सरकारी नोकऱ्यांतील ब्राह्मणांच्या मक्तेदारीवर महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढील निवेदनात टीका केली. त्या मक्तेदारीच्या कारणांत शालेय शिक्षणाबरोबर या उमेदवारीचीही गणना केली पाहिजे, असे आमचे मत आहे. लिहितावाचता येणारा गरिबाचा मुलगाही वर्ष-दोन वर्षे फुकट राबण्यास समर्थ नव्हता.

१८५० च्या कायद्याने अनाथ व गरीब मुलांस कारागिरांकडे शिकाऊ म्हणून ठेवण्याची तरतूद केली होती. कचेरीची वाट तिने मोकळी झाली नाही. पुढे १९६१ च्या अधिनियमाने ठरावीक व्यवसायांतील ‘शिकाऊ उमेदवारां’स विद्यावेतन देणे बंधनकारक झाले. अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारक १९७३ च्या दुरुस्तीने त्याच्या कक्षेत आले. या कक्षेबाहेर राहिलेल्या विनावेतन इंटर्नशिपांत पोटाची सोय अजूनही उमेदवाराच्या घरानेच करावयाची असते.